आधी मी, उद्या तुम्ही

परळला आमच्या चाळीत तळमजल्यावर, नळ आणि मोरी यांच्या मधे एक खोली होती. बारा महिने भिंतींना ओल, खिडकी असून नसल्यासारखी, आणि दार उघडलं की माणसाच्या आधी वास बाहेर यायचा. ती खोली कुणी फुकट दिली तरी घेतली नसती. चाळीतल्या एका गृहस्थांनी मात्र दुसऱ्या मजल्यावरची आपली हवेशीर खोली सोडून ती मागून घेतली होती. घरमालकाच्या भाडं गोळा करणाऱ्या मेहत्याला ही थट्टाच वाटली. "अहो, तिथं माणूस राहणार कसा?" असं त्यानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "माणसासाठी कोण मागतंय? खोली त्यांची. मी आपला कोपऱ्यात पडून राहीन."

'त्यांची' म्हणजे अळंबीची. खाटेखाली, फळीवर, दाराच्या मागे आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पेट्यांत भिजवलेला भाताचा पेंढा आणि पेंढ्यात अळंबी. बी गावच्या पेंढ्याच्या जुन्या गंजीतून आणलेलं, म्हणजे कुजलेल्या पेंढ्याची एक पेंडी, जी त्यांनी बोटीच्या प्रवासात मांडीवर घेऊन आणली होती असं चाळीत सांगत. आता अळंबी प्लॅस्टिकच्या खोक्यात मिळते आणि माझी नातवंडं ती पावावर घालून खातात. तेव्हा गिरणगावात तिला कुत्र्याची छत्री म्हणत आणि ती खाणाऱ्याकडे जरा लांबूनच बघत. त्यामुळे चाळीनं यांना 'छत्रीवाले' करून टाकलं. गंमत म्हणजे पावसाळ्यात छत्री न घेता हिंडणारा चाळीतला हा एकच माणूस. मी मात्र त्यांना काका म्हणत असे. ते सासरच्या गावाकडचे, आणि आमची खोली त्यांच्या अगदी समोर.

काका परळच्याच एका इस्पितळात प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या-बाटल्या धुवायचे. शिक्षण बेताचं, पण धुता धुता वाचायची सवय. कुठल्या डॉक्टरनं टाकून दिलेलं पुस्तक असो की भिंतीवरचा तक्ता असो, ते डोक्यात भरून घरी यायचे. लग्न केलेलं नव्हतं. कानांवर केसांचे झुपके, अंगात खाकी अर्धा कोट, कोटाच्या खिशात पेंढ्याच्या काड्या. रस्त्यात भेटले तर "कसं काय, बरं आहे ना" वगैरे नाही. बाई दिसली की एकच प्रश्न: "जेवलीस?"

थोरली असली तर "जेवलात?" पुरुषांना कधी विचारलं नाही. आमच्या ह्यांनी एकदा चिडून म्हटलं, "आम्हाला पण विचारा की कधीतरी." काका म्हणाले, "तुम्हाला विचारायची काय गरज? तुम्ही जेवल्याशिवाय घरात कुणाचं ताट लागतंय का?"

खरं बोलले की लोकांना राग येतो. ह्यांनाही आला. पण खोटं काय होतं त्यात? आमच्या घरात आधी पुरुष, मग आलेगेले, मग मुलं असतील तर मुलं, आणि शेवटी चुलीकडे तोंड करून सासूबाई आणि मी. भाताची खरवड आणि आमटीचं पाणी. असंच असतं, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, तसा विचारच कधी केला नव्हता.

काकांची जेवू घालायची रीत उलटी होती. पेटीत अळंबी आली की ते पहिली खेप स्वतः शिजवून खात, कुणाला घास देत नसत. कुणी मागितलंच तर म्हणत, "आधी मी, उद्या तुम्ही." मग दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या दारांवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "मी आहे. आता तुम्ही बसा." म्हणजे मी जिवंत आहे, विष नव्हतं. मग आजूबाजूच्या बायकांना त्या ओलसर खोलीत पाटावर बसवून हा माणूस स्वतः वाढायचा. नवरे बाहेर ताटकळत. कुणाचा बाप्या डोकावला तर काका पळी उगारून म्हणत, "तुमचा नंबर दुसरा!" बायका पदर तोंडाला लावून हसत आणि हसता हसता दुसऱ्यांदा वाढून घेत.

"अहो काका, तुम्हीच लावलेली, तुम्हीच काढलेली. मग रोज कसली परीक्षा?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मीच लावली म्हणून तर," ते म्हणाले. "पेंढ्यात दुसरं काय शिरलं असेल ते मला थोडंच सांगून शिरतं?"

त्यांनी मला अळंबी ओळखायला शिकवली. त्याच पेट्यांत बारीक दांड्याची, करड्या टोपीची एक जात घुसायची, तिची दुपारपर्यंत काळी शाई होऊन गळायची. ती उपटून टाकायची. आपली ती अंड्यासारखी गोल, तपकिरी, देठाला तळाशी वाटी. टोपी उघडायच्या आधी काढायची, आणि काढली की त्याच दिवशी शिजवायची. धुवायची पण भिजवायची नाही, कारण ती पाणी पिते. कच्ची कधी तोंडात घालायची नाही. पातेल्यात टाकली की आधी तिला तिचं पाणी सोडू द्यायचं, ते आटू द्यायचं आणि मगच मीठ. "घाई असेल त्यानं बांगडा खावा," असं त्यांचं म्हणणं. भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचं वाटण लावून केलेलं त्यांचं सुकं मटणाला मागे सारायचं. उरलेली अळंबी ते सुपात घालून गॅलरीत उन्हाला ठेवत. ऊन पिऊन तिच्यात हाडांना लागणारं काहीतरी तयार होतं म्हणे, आणि चाळीतल्या बायकांना ऊन कुठलं दिसायला?

"डाळीचा भाऊ आणि मटणाचा चुलतभाऊ," असं ते अळंबीबद्दल सांगत. श्रावणात यावरून वादंग माजे. भाजी म्हणावी तर चव मटणाची, मटण म्हणावं तर उगवते पेंढ्यात. श्रावण पाळणाऱ्यांनी खावी की नाही? काका म्हणत, "भाजीही नाही, प्राणीही नाही. देवानं हे तिसरंच केलंय, आणि तिसऱ्यावर तुमच्या पोथीत बंदी नाही." हे पटत मात्र कुणालाच नसे.

एवढ्या गमत्या माणसाचा राग मी एकदाच पाहिला. वरच्या मजल्यावरच्या एका बाईनं त्यांच्याकडची अळंबी घरी नेली आणि आजी सांगायची तसा पातेल्यात राणीछाप रुपया टाकला. चांदी काळी पडली तर अळंबी विषारी, नाही तर निर्धोक, अशी कोकणातली जुनी समजूत. काकांनी ते पाहिलं मात्र. तसंच कढत पातेलं फडक्यात धरून खाली आले आणि सगळं मोरीत ओतलं. रुपया धुऊन तिच्या हातावर ठेवला. "चांदीला काही कळत नाही," एवढंच म्हणाले. पुढे आठवडाभर त्यांनी कुणाला "जेवलीस?" असंही विचारलं नाही. अन्न ओतलं म्हणून चाळीनं त्यांना नावं ठेवली. मलाही राग आला होता. वाटलं, विक्षिप्तपणाला काही हद्द?

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरणी सुटली की सभा, सुट्टीला मोर्चा, भिंतींवर गेरूनं लिहिलेल्या घोषणा. आमचे हे तर घरात पाहुण्यासारखे यायचे. एकदा चाळीतल्या बायकाही मोर्चाला गेल्या. दिवसभर उन्हात चालून, घसे बसवून परतल्या आणि आल्या पावली शेगड्या पेटवायला बसल्या, कारण मोर्चातून आलेल्या पुरुषांना भूक लागली होती! काका नळापाशी उभे राहून ओरडायला लागले, "मुंबई मिळेल हो, आज ना उद्या मिळेल! पण ती मिळवायला चाललेल्या या बायकांना जेवायला कधी मिळणार?" चाळ कमिटीचे अध्यक्ष वरून म्हणाले, "छत्रीवाले, हा प्रश्न आत्ताचा नाही." काका म्हणाले, "भूक आत्ताची आहे."

त्याच सुमारास मला दिवस होते. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात मूल गेलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी या खेपेला पापणी ओढून पाहिली आणि मान हलवली. अंगात रक्त नाही म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मटण, अंडी, कलेजी, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. नाहीतर मागच्यासारखं होईल." मी घरी येऊन सांगितलं. सासूबाईंनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. त्या माळकरी. आमच्या घरात अंड्याचं कवचही कधी आलं नव्हतं.

काकांना हे कळलं तसे ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, एक पेटी सुनेच्या नावानं लावतो. दहाबारा दिवसांत येईल."

"ह्या शेणातला माझ्या घरात येवचा नाय," सासूबाई म्हणाल्या.

"शेणात नाही, पेंढ्यात. आणि तुळशीला काय घालता तुम्ही?"

"तुळस मी खातंय काय?"

"तीर्थात पान कशाचं असतं?"

सासूबाईंनी दार लावून घेतलं. काका दाराबाहेरून मला सांगत राहिले, "हे बघ, ही काही जादू नाही. अळंबी म्हणजे औषध नव्हे, जेवण आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत. डाळ, मेथी, नाचणी, वर लिंबू. अळंबीचं पाणी सुटून आटलं की मगच मीठ. आणि गरम असताना खायचं, खरवडून उरलेलं नाही. ऐकतेस ना?" मी आतून हो म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

तरी पेटी लागली. पेटीवर खडूनं त्यांनी नुसतं 'समोर' असं लिहिलं होतं. कामावर जाताना ते खोलीची किल्ली नेहमी सासूबाईंकडे ठेवत. ती त्यांनी नाकारली नाही, एवढंच.

आंब्याचे दिवस संपत आले होते. फळबाजारात पेट्या फुटतात, तिथला पेंढा गोळा करायला काका एका सुट्टीच्या सकाळी गेले ते आलेच नाहीत. त्या दिवशी शहरात मोठा मोर्चा होता आणि धरपकड झाली होती. संध्याकाळी ह्यांनी बातमी आणली: काकांना धरलं. डोक्यावर वाळक्या पेंढ्याचं पोतं, तेही मोर्चाच्या वाटेवर! हा आग लावायला निघालाय असं पोलिसांना वाटलं. काकांनी सांगितलं, पेंढा अळंबीसाठी आहे, बायकांना रक्त कमी असतं म्हणून. अंमलदाराला वाटलं, हा वेड पांघरतोय. त्याला आणखी चार दिवस ठेवून घ्या म्हणाला.

चाळीला मात्र एकदम अभिमान वाटला. ज्याला आजवर छत्रीवाला म्हणून हसले, त्याच्या नावाचा फळा दरवाज्याशी लागला, 'आमचे सत्याग्रही'. मला चिंता होती ती पेटीची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासूबाईंच्या कमरेची किल्ली मागून त्यांच्या खोलीत डोकावले आणि 'समोर'च्या पेटीत पाहिलं. पेंढ्यातून गोल गोल डोकी वर आली होती. आज काढली नसती तर उद्या उघडून वाया गेली असती.

मी पदरात घेऊन तशीच उभी. शाईवाली वेगळी केली होती. पण काका नाहीत. आधी खाणार कोण? मी ओळखण्यात चुकले असले तर? पोटात पाचव्या महिन्याचा जीव. फेकून द्यावीत म्हणून मोरीकडे वळले तर मागे सासूबाई उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"हकडे दी," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्या पदरातून ती काढून घेतली. कांदालसूण नाही. खोबरं, मिरी, एक आमसूल. पाणी सुटू दिलं, आटू दिलं आणि मगच मीठ टाकलं. म्हणजे दार लावून घेऊनही या बाईनं सगळं ऐकलं होतं. मग भर दुपारी, मुलगा जेवायचा होता, सून जेवायची होती, तरी त्यांनी स्वतःचं ताट वाढलं आणि पाटावर बसल्या. सगळ्यांच्या आधी जेवताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझा हात पुढे झाला तशी त्यांनी तो बाजूला केला. "तू उद्या."

"आई, तुमची माळ..."

"माळेक इचारलंय. ती काय बोलूक नाय." एक घास त्यांनी कष्टानं गिळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक गेला गो. आता माझ्यान परत बघवचा नाय."

त्या दिवशी मी काय काय केलं ते मला आठवत नाही. नुसती त्यांच्याकडे बघत होते. त्या खोकल्या तरी मी हातातलं टाकून त्यांच्याकडे धावायची. शेवटी वैतागून म्हणाल्या, "माका काय बघतंस? भात बघ, करपतलो." मला हसू आलं आणि लगेच रडूही. या बाईला मी तीन वर्षं खाष्ट समजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पाठीमागे भिंतीवर टकटक झाली. सासूबाईंनी ताट वाढून पाट मांडला होता. पेटीतली त्या दिवशीची खेप, वर लिंबाची फोड.

"मी आसंय," त्या म्हणाल्या. "आता तू बस."

सहा दिवसांनी काका सुटून आले. चाळीनं हार घातला, घोषणा दिल्या. ते गोंधळून म्हणत होते, "अहो, मी पेंढा आणायला गेलो होतो!" लोकांना तो विनय वाटला. हार तसाच गळ्यात घेऊन ते धावत आपल्या खोलीत गेले आणि लगेच बाहेर आले. "पेटीतली कुठे गेली? कुणी काढली? तू खाल्लीस?" मी मान डोलावली. "मी नसताना? कुणी आधी..."

"मी खाल्लंय," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मी आधी. दुसऱ्या दिवसाक ती. रोज तसाच चल्ला."

काका नळाच्या कट्ट्यावर बसले. घोषणा देणारे पांगले होते. मग पायांकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी गावी काका स्वतःच अळंबी घेऊन आले होते. रानातली. आईनं रुपया टाकून पाहिला, तो पांढराच राहिला. तिनं आधी धाकट्या बहिणीला वाढलं. काकांना ताप होता म्हणून पेज दिली होती. धाकटीनं मागून मागून खाल्ली, पातेलं संपलं. आईच्या वाट्याला नेहमीप्रमाणे काही उरलं नाही. "म्हणून आई वाचली," काका म्हणाले. "वाचली म्हणजे काय... जगली. पण त्यानंतर मी जेवून उठेपर्यंत ती माझ्या समोरून हलायची नाही. आधी तिनं खाल्ली असती तर..."

मला मोरीत ओतलेलं पातेलं आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली.

सासूबाई त्यांना कायम 'तुमी' म्हणत. त्या दिवशी त्या उंबरा ओलांडून त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुझी आवस वायट नव्हती रे. आधी तू जेव, असा तिका कोणी कधी सांगूकच नाय."

काकांनी गळ्यातला हार काढला. त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी तो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो नळाच्या खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, "चल. कालची मी खाल्लंय, आजची गरम आसा." काका आमच्या घरात आले आणि पाटावर बसले. कोटातल्या काड्या जमिनीवर सांडल्या. आधी दुसऱ्या कुणीतरी चाखलेली अळंबी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच खात होता. "मीठ कमी आहे," ते म्हणाले आणि डोळे पुसून पुन्हा वाढून घेतलं.

नवरात्रात मी बाळंत झाले. काकांच्याच इस्पितळात. भेटायला आलेला जो तो आधी पाळण्यात डोकावून विचारायचा, "काय झालं?" मुलगी म्हटलं की कुणी "बरं, बरं" म्हणे, कुणी "लक्ष्मी आली" म्हणे. काका काचा धुवून तसेच ओल्या हातांनी वॉर्डात आले. पाळण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ माझ्या खाटेशी येऊन उभे राहिले.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.